वरच्या सभेची सत्ता आणि आपला सातबारा

(यवतमाळ जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळामास्तरांनीं गांवच्या पारावर शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण.)



आज आम्ही येथें व्याख्यान झोडावयास उभे राहिलों नाहीं. आमच्या हातून एक चूक झाली आहे, ती चारचौघांसमक्ष दुरुस्त करावयाची आहे. मास्तरानें फळ्यावर चुकीचें उत्तर लिहिलें, तर फडकें घेऊन तें त्यानेंच पुसलें पाहिजे.

२०२४ सालच्या नोव्हेंबरांत विधानसभेची निवडणूक झाली. २० तारखेला मतदान होतें. त्याच्या आधीं आठवडाभर आम्ही मतदारांच्या चिठ्ठ्या घेऊन घरोघर हिंडत होतों. हेंही काम मास्तराच्याच गळ्यांत असतें, हें तुम्ही जाणतां. दिवस वेचणीचे. घरीं माणूस सांपडेना, म्हणून कांहीं चिठ्ठ्या आम्हीं धुऱ्यावर जाऊन दिल्या. तेथें एका आजींनीं ओटींतला कापूस ढिगावर टाकला, चिठ्ठी हातांत घेतली आणि विचारलें, "मास्तर, हे मत मुंबईले जाते का दिल्लीले?" आम्हीं हंसून सांगितलें, "आजी, हें मुंबईचें. दिल्लीचें तर उन्हाळ्यांतच देऊन झालें."

त्या आजी आज समोर बसल्या आहेत. आजी, आमचें तें उत्तर अर्धें खोटें होतें. तें मत मुंबईस जातें आणि तेथून वळसा घेऊन दिल्लीसही जातें. आणि या वळशांत काय काय घडतें, तें तुम्हां-आम्हांस कोणी सांगत नाहीं.

दिल्लीस सभा दोन आहेत. एक लोकसभा. तिचा सभासद आपण बटण दाबून निवडतों. दुसरी राज्यसभा. कोणी तिला वरिष्ठ सभागृह म्हणतात, अमेरिकेंत अशा सभेला सेनेट म्हणतात. आम्ही आपली वरची सभा म्हणूं. तिच्या जागा २४५. त्यांतल्या २३३ जागांवर निरनिराळ्या ठिकाणचे आमदार सभासद निवडून देतात आणि १२ जणांस राष्ट्रपति नेमतात. महाराष्ट्राच्या वांट्यास १९ जागा आहेत. सभासदाची मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनीं तिसरा हिस्सा सभासद निवृत्त होतात व नवे येतात. ही सभा कधीं विसर्जित होत नाहीं. विहिरींतलें पाणी जसें उपसा व झरा यांनीं बदलत राहतें, पण विहीर कोरडी पडत नाहीं, तसेंच हें.

वरची सभा ही आजची कल्पना नव्हे. इंग्रजी अमलांत १९१९ च्या कायद्यानें 'कौन्सिल ऑफ स्टेट' नांवाची अशीच सभा निर्माण झाली. सभासद साठ. मत कोणास? जो मोठा सारा किंवा मोठा प्राप्तीवरील कर भरी त्यास. साऱ्या हिंदुस्थानांत मिळून तिचे मतदार वीस हजारही नव्हते. आपल्या वऱ्हाडची तर आणखी गंमत. वऱ्हाड कागदोपत्रीं निजामाचें, म्हणून येथें निवडणूक व्हावयाची, आणि निवडून आलेल्या गृहस्थास पुन्हा सरकारनें नेमावयाचें! अमरावतीचे दादासाहेब खापर्डे या वाटेनें त्या सभेंत गेले. त्या मतदारयादींत कुणबी, माळी, तेली, सुतार, बंजारा, महार, कोलाम यांचीं नांवें किती असतील, तें तुम्हीच ताडा.

स्वराज्य आलें, प्रत्येकास मत मिळालें. तरी वरची सभा राहिली. तिचें काम काय असावें याची घटना समितींत चर्चा झाली, तेव्हां एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनीं तिच्याकडून फार मोठी अपेक्षा सांगितली नव्हती. भारदस्त चर्चा व्हावी, आणि घाईनें येणाऱ्या कायद्यास थोडा अडसर बसावा, इतकेंच. १९५२ च्या मे महिन्यांत तिची पहिली बैठक भरली.

तुम्ही म्हणाल, मास्तर, अडसर असो कीं कडी असो, आमच्या कापसाच्या भावाशीं त्याचा संबंध काय? कापसाचें मागाहून सांगूं. आधीं वावराचें ऐका.

२०१३ सालीं भूसंपादनाचा नवा कायदा झाला. इंग्रजांनीं १८९४ सालीं केलेला जुना कायदा गेला. नव्या कायद्यांत दोन गोष्टी आपल्या कामाच्या होत्या. खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर शंभरांतल्या ऐंशी धारकांची संमति पाहिजे. सरकार आणि कंपनी यांचा भागीदारींतला प्रकल्प असेल तर सत्तरांची. शिवाय जमीन गेल्यावर गांवाचें, मजुराचें, कारागिराचें काय होईल याची आधीं पाहणी झाली पाहिजे. ही दुसरी गोष्ट लहान समजूं नका. सातबारा शेतकऱ्याच्या नांवें असतो; सुताराच्या, लोहाराच्या, सालदाराच्या नांवें नसतो. वावर गेलें कीं औत गेलें, औत गेलें कीं सुताराचें वाकस आणि लोहाराचा भाता दोन्ही थंड. त्यांची मोजदाद करणारा एवढाच एक कागद होता.

२०१४ सालीं दिल्लींत नवें सरकार आलें. लोकसभेंत एका पक्षास स्वतःचें बहुमत मिळालें. तसें तीस वर्षांत झालें नव्हतें. त्या सरकारनें ३१ डिसेंबर २०१४ रोजीं अध्यादेश काढला. औद्योगिक पट्टे वगैरे पांच प्रकारच्या कामांस ही संमति नको आणि ती पाहणीही नको, असें त्यांत होतें. १० मार्च २०१५ रोजीं लोकसभेनें तें विधेयक पास केलें. तेथें डोकीं त्यांचीं होतीं. पण कायदा व्हावयास वरच्या सभेचीही मान्यता पाहिजे, आणि तेथें डोकीं त्यांचीं नव्हतीं. कांकीं तिचे सभासद आधींच्या सहा वर्षांत निरनिराळ्या राज्यांच्या आमदारांनीं पाठविलेले होते. सरकारनें अध्यादेश तीनदां काढला. विधेयक दोन्ही सभांच्या संयुक्त समितीकडे गेलें. शेवटीं ३१ ऑगस्ट २०१५ रोजीं अध्यादेशाची मुदत संपली, आणि सरकारनें तो पुन्हा काढला नाहीं. रस्त्यावर शेतकरी उतरले होते, हेंही कारण होतें. तें आम्ही नाकारीत नाहीं. पण नुसत्या रस्त्यानें तें झालें नसतें. दाराला अडसर होता, म्हणून बाहेरच्या आरड्याओरड्यास वेळ मिळाला.

याचा अर्थ जमिनी जावयाच्या थांबल्या असा नव्हे. वणीकडच्या मंडळींस विचारा, कोळशाच्या खाणींसाठीं निराळाच कायदा आहे. निम्न पैनगंगेच्या कांठच्या गांवांस विचारा, वर्षांमागून वर्षें धरणाची टांगती तलवार कशी असते तें. परंतु २०१३ चा तो संमतीचा कागद दिल्लीनें फाडूं म्हटला आणि तिला तो फाडतां आला नाहीं. याचें कारण वरच्या सभेंतली मोजणी.

ही सभा नेहमीं गरिबाच्याच बाजूला उभी राहते, असें कोणी समजूं नये. १९८९ सालीं राजीव गांधींच्या सरकारनें पंचायत राज्याचें ६४ वें घटनादुरुस्ति विधेयक आणलें. लोकसभेंत तें पास झालें. ऑक्टोबर महिन्यांत वरच्या सभेंत तें थोड्याच मतांनीं पडलें, कारण तेथें दोन-तृतीयांश डोकीं भरलीं नाहींत. मग १९९२ च्या डिसेंबरांत ७३ वी दुरुस्ति दोन्ही सभांनीं मान्य केली, ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली, आणि ग्रामपंचायतींत बायांसाठीं तिसरा हिस्सा जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्रानें पुढें २०११ सालीं त्या निम्म्या केल्या. आज आपल्या गांवच्या पंचायतींत ज्या माउल्या बसतात, त्यांची खुर्ची त्या सभेंतल्या कांहीं मतांमुळें तीन वर्षें अडून राहिली होती.

आणि आतां कापसाचें. २०२० सालच्या सप्टेंबरांत शेतमालाच्या व्यापाराचीं विधेयकें आलीं. तीं चांगलीं कीं वाईट, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत बाजार समितीच्या जाचाला कंटाळलेले शेतकरी त्यांच्या बाजूचे होते, आणि हमीभाव बुडेल या भीतीनें विरोध करणारेही होते. आम्हांस सांगावयाचें तें निराळेंच. २० सप्टेंबरला त्यांतलीं दोन विधेयकें वरच्या सभेंत आलीं. विरोधी सभासद म्हणाले, मतें मोजा. गोंधळ उडाला. विधेयकें आवाजी मतानें पास झालीं असें जाहीर करण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं आठ सभासद निलंबित झाले. पुढें पंजाब-हरियाणाचे शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, सर्वोच्च न्यायालयानें २०२१ च्या जानेवारींत कायद्यांस स्थगिति दिली, आणि त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरला ते कायदे मागें घेण्यांत आले. बाजारांत मापाड्यानें पोतें तराजूवर न टाकतां "तीस किलो आहे, चला" म्हटलें, तर तुम्ही त्यास पुढें जाऊं द्याल काय? पोत्यांत खरोखर तीस किलो असले तरी तुम्ही म्हणाल, आधीं तोल.

इतकें सांगितल्यावर आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. या सभेची सत्ता कोणाच्या हातीं असते, आणि ती एका हातांतून दुसऱ्या हातांत कशी जाते?

१९५२ पासून १९९० पर्यंत बहुतेक काळ तेथें काँग्रेसचें बहुमत होतें. त्यानंतर कोणत्याच एका पक्षाचें राहिलें नाहीं. २०१७ च्या ऑगस्टांत भारतीय जनता पक्ष तेथला सर्वांत मोठा पक्ष झाला, परंतु बहुमत त्याच्याही आघाडीस नव्हतें. दर मोठ्या विधेयकास इतर पक्षांचा हात धरावा लागे. तें बहुमत २७ ऑगस्ट २०२४ च्या सुमारास झालें. त्या वेळीं सभेंत २३७ सभासद होते, म्हणजे निम्म्याहून एक अधिक ११९. आघाडीचे ११२, राष्ट्रपतींनीं नेमलेले ६, आणि एक अपक्ष, मिळून बरोबर ११९. नऊ राज्यांतल्या बारा रिकाम्या जागांची पोटनिवडणूक होती. त्यांतल्या अकरा सत्ताधारी आघाडीस गेल्या, एक काँग्रेसला.

त्या बारांपैकीं दोन जागा आपल्या महाराष्ट्राच्या होत्या. पीयूष गोयल व उदयनराजे भोसले हे लोकसभेवर निवडून गेले म्हणून त्या रिकाम्या झाल्या होत्या. तेथें धैर्यशील पाटील व नितीन पाटील हे दोघे आले. मतदान ३ सप्टेंबरला ठरलें होतें. आपल्याकडे २ तारखेला पोळा होता, ३ ला तान्हा पोळा. पोरें लांकडी बैल ओढीत गांवभर फिरत होतीं, त्या दिवशीं मुंबईस मतदान व्हावयाचें होतें. तें झालेंच नाहीं. बाराही जागांवर दुसरा उमेदवार उरला नाहीं, सगळे बिनविरोध. देशाच्या वरच्या सभेची सत्ता फिरली, आणि त्या दिवशीं एकाही आमदारानें एकही चिठ्ठी पेटींत टाकली नाहीं! आपण तर फार लांबचे.

बिनविरोध कां झाली, तेंही समजून घ्या. सहा-सात जागा एकदम भरावयाच्या असल्या तर लहान पक्षासही एखादी जागा मिळते. पण या दोन जागांच्या उरलेल्या मुदती वेगळ्या, म्हणून प्रत्येकीची निवडणूक वेगळी. एकच जागा असली कीं ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक आमदार, त्याचीच ती. आणि मुंबईच्या विधानसभेंत निम्म्याहून अधिक आमदार कोणाकडे होते? ती विधानसभा आपण २०१९ सालीं निवडली होती. तेव्हां आपण ज्या चिन्हांवर मत दिलें, त्यांपैकीं शिवसेना २०२२ च्या जूनमध्यें फुटली, राष्ट्रवादी काँग्रेस २०२३ च्या जुलैमध्यें फुटली. पेरलें आपण एक. पांच वर्षांनीं त्याच वावरांतून दिल्लीस गेलें तें पीक दुसरेंच. हें बरें झालें म्हणणारे या पारावर आहेत, वाईट झालें म्हणणारेही आहेत. आम्ही सरकारचे नोकर. कोणाचें भलें व्हावें तें सांगणार नाहीं. पण ज्याच्या मतानें हें झालें त्याला तें ठाऊक नसावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

आतां एक निवडणूक पाहूं, जींत खरोखरच चिठ्ठ्या पडल्या. १० जून २०२२. महाराष्ट्रांत राज्यसभेच्या सहा जागा, आणि उमेदवार सात. कित्येक वर्षांनीं आमदारांस प्रत्यक्ष मतदान करावें लागलें. दोन आमदार तुरुंगांत होते, त्यांस मतदानास सोडलें नाहीं. एक वारले होते. म्हणून २८८ पैकीं २८५ नीं मत दिलें, आणि त्यांतलें एक बाद झालें. राहिलीं २८४. मोजणी मध्यरात्र उलटेपर्यंत अडकून होती.

येथें सातव्या वर्गाचें गणित येतें, पण आपण पायलीनें करूं. आमदार चिठ्ठीवर नुसती फुली मारीत नाहीं. तो एक, दोन, तीन असे आकडे लिहितो: माझें धान्य आधीं या पायलींत टाका, ती भरली तर उरलेलें त्या पायलींत. पायली केवढी? जागा सहा, त्यांत एक मिळवून सात. २८४ ला सातानें भागा. साडेचाळीस मतांहून थोडी मोठी पायली झाली. ज्याची पायली भरली तो निवडून आला. वर जें सांडलें, तें दोन नंबरच्या पायलींत.

भाजपचे पीयूष गोयल व आपल्या अमरावतीकडचे अनिल बोंडे यांस अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस मतें पडलीं, आणि तिसरे धनंजय महाडिक यांस अवघीं सत्तावीस. दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे इम्रान प्रतापगढी यांस ४४, राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल यांस ४३, शिवसेनेचे संजय राऊत यांस ४१, आणि शिवसेनेचेच संजय पवार यांस ३३. आतां सहावी जागा महाडिकांची कीं पवारांची? दोघेही कोल्हापूरचे. पहिलीं मतें पाहिलीं तर पवार सहानें पुढें. पण गोयल-बोंडे यांच्या दोन पायल्या कांठोकांठ भरून चौदा मतांएवढें सांडलें, तें सारें महाडिकांकडे वळविलेलें होतें. सत्तावीस आणि चौदा, एकेचाळीस. पवारांच्या बाजूच्या पायल्यांतून सांडावयास फार नव्हतें. ते एकोणचाळिसांच्या आसपास थांबले. तेहतीसवाला पडला, सत्तावीसवाला दिल्लीस गेला. यांत लबाडी कांहीं नाहीं, नियमच तसा आहे. ज्यानें आधीं हिशेब मांडला, त्यानें जागा घेतली. भाजपचे २०१९ सालीं निवडून आलेले आमदार १०५. त्यास पहिलीं मतें पडलीं १२३. वरचीं मतें अपक्षांचीं आणि लहान पक्षांचीं. अपक्ष आमदार येथें आपल्याकडे मत मागावयास येतो तेव्हां म्हणतो, मी कोणाचाच नाहीं, मी तुमचा. दिल्लीची पायली भरतांना तो कोणाचा होता, हें त्यास किती गांवांनीं विचारलें?

विचारलें तरी तो सांगेलच असें नाहीं. आणि येथेंच आमचा खरा कांटा आहे. पूर्वीं आमदारांचें हें मतदान गुप्त असे. १९९८ सालीं काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान पडले, आणि अपक्ष उभे राहिलेले सुरेश कलमाडी व आपल्या यवतमाळचे विजय दर्डा निवडून आले. कोणीं कोणास मत दिलें तें पेटीस ठाऊक. अशा फुटाफुटीस आणि पैशाच्या व्यवहारास आळा बसावा म्हणून २००३ सालीं कायदा बदलला. तेव्हांपासून पक्षाच्या आमदारानें आपली चिठ्ठी पेटींत टाकण्यापूर्वीं पक्षाच्या प्रतिनिधीस दाखविली पाहिजे. अपक्षानें मात्र कोणासही दाखवावयाची नाहीं.

म्हणजे पाहा. आमदार निवडला आपण. भत्ता त्यास मिळतो तो आपल्या पैशांतून. आणि चिठ्ठी पाहण्याचा हक्क पक्षाच्या माणसास! मुनिमानें वही सावकारास दाखवावी, आणि ज्याच्या नांवावर खातें आहे त्या कुळास पाहूं देऊं नये, तसाच हा प्रकार. आपलें मत गुप्त असावें, हें योग्य. आपणांस गांवांत राहावयाचें असतें, धमकी असते, उधारी असते. पण आमदार तेथें स्वतःसाठीं मत देत नाहीं. तो आपल्या लाखो माणसांच्या वतीनें देतो. त्याची चिठ्ठी उघडी असावयाची तर ती आपणांसमोर उघडी असावी.

त्याच २००३ च्या कायद्यानें आणखी एक गोष्ट केली. पूर्वीं ज्या राज्याची जागा, त्या राज्याचा मतदार असणें भाग होतें. ती अट गेली. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ती काढणें योग्य ठरविलें. म्हणून उत्तर प्रदेशचा गृहस्थ महाराष्ट्राच्या जागेवर बसूं शकतो. सर्वच पक्ष आपली माणसें अशीं पेरतात. येथल्या कापसाचें बोंड त्यांनीं कधीं हातांत धरलें असेल नसेल.

मुंबईसही एक वरची सभा आहे, विधान परिषद. तिच्याविषयीं थोडक्यांत सांगतों, नाहीं तर रात्र पुरणार नाहीं. तिच्यांत आपल्या जिल्ह्याची एक जागा स्थानिक संस्थांची. मतदार कोण, तर जिल्हा परिषदेचे आणि नगरपालिकांचे सभासद, अवघ्या जिल्ह्यांत पांचशेंच्या आंत. २०२० च्या आरंभीं तिची पोटनिवडणूक झाली व शिवसेनेचे दुष्यंत चतुर्वेदी निवडून आले. डिसेंबर २०२२ मध्यें मुदत संपली. पण तोंवर जिल्हा परिषदेचीच मुदत संपून तेथें प्रशासक बसला होता. मतदारच उरले नाहींत, म्हणून जागा रिकामी राहिली. त्याच परिषदेंत शिक्षकांच्याही जागा आहेत. आम्ही अध्यापक विद्यालयांत शिकलों, वीस वर्षांवर पोरांस बाराखडी शिकविली, निवडणुकीच्या चिठ्ठ्या वांटल्या, पेट्या वाहिल्या. पण शिक्षकांच्या त्या मतदारसंघांत आम्हांस मत नाहीं! तें माध्यमिक शाळेपासून वरच्या शिक्षकांस. घटनेनें प्राथमिक मास्तर शिक्षकांत धरला नाहीं. असो. हें आमचें घरचें गाऱ्हाणें झालें.

तुम्ही म्हणाल, जगांत सगळीकडे असेंच असेल. तसें नाहीं. अमेरिकेंत प्रत्येक राज्य, लहान असो मोठें असो, सेनेटमध्यें दोघे पाठवितें. तेथेंही पूर्वीं आपल्यासारखेंच राज्याचे आमदार सभासद निवडीत. आमदार विकत घेतले जातात, जागा वर्षानुवर्षें अडून राहतात, अशी ओरड झाली, आणि १९१३ सालीं घटना बदलून ती निवडणूक लोकांच्या हातीं दिली. त्याचें फळ काय झालें तें ५ जानेवारी २०२१ रोजीं दिसलें. जॉर्जिया नांवाचें एक राज्य आहे, आपल्यासारखें कापूस पिकविणारें. तेथें त्या दिवशीं दोन जागांसाठीं पुन्हा मतदान झालें. दोन्ही जागा डेमोक्रॅटिक पक्षानें घेतल्या, सेनेटमध्यें पन्नास-पन्नास झाले, आणि उपाध्यक्षांच्या एका जादा मतानें सत्ता रिपब्लिकन पक्षाकडून फिरली. त्या राज्यांतल्या कापूसवाल्यास, गवंड्यास, मोलकरणीस रांगेंत उभें असतांना ठाऊक होतें कीं, आज आपल्या बोटावर देशाची वरची सभा फिरणार आहे. तेथेंही पैशाचा पाऊस पडतो, तेथें रामराज्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांस ठाऊक होतें. आपल्याकडे ती सभा फिरली तेव्हां आपण बैलांच्या शिंगांस बेगड लावीत होतों.

आपल्या जिल्ह्यांत विधानसभेच्या जागा सात: वणी, राळेगांव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड. सहा जागांची निवडणूक असली तर एका खासदाराला सुमारें बेचाळीस आमदार लागतात. म्हणजे वरच्या सभेंतला एका खासदाराचा सहावा हिस्सा या जिल्ह्याचा आहे. बैलजोडींत सहावा हिस्सा असणारा भाऊसुद्धां विचारतो, बैल कोठें जुंपले होते म्हणून.

यासाठीं आम्हीं एक योजिलें आहे. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, जेथें पावसाचे आंकडे लिहितों, तेथें सातही आमदारांचीं नांवें लिहावयाचीं. नांवापुढें दोन रकाने. राज्यसभेच्या निवडणुकींत पहिला आकडा कोणास दिला, आणि दुसरा कोणास. आपल्या आमदारास ग्रामसभेचें पत्र जाईल, दुसऱ्या सहांकडे त्यांच्या त्यांच्या मतदारसंघांतल्या गांवांनीं पाठवावें म्हणून आम्ही ओळखीच्या मास्तरांस लिहूं. पत्रांत शिवीगाळ नको, उपदेश नको, एवढाच प्रश्न. उत्तर आलें तर लिहूं. नाहीं आलें तर रकाना कोरा ठेवूं; कोरा रकानाही वाचतां येतो. पुढच्या निवडणुकींत जे मत मागावयास येतील त्यांस त्या भिंतीपाशीं उभें करून तुम्हीच विचारा. पत्राचा मसुदा आम्हीं करून आणला आहे. सरपंचबाईंनीं तो पाहिला आहे, त्यांत त्यांनीं एक वाक्य वाढविलें: जमिनीचा कायदा वरच्या सभेंत पुन्हा आला, तर आपण धाडलेला खासदार हात कोठें वर करील, हें आपण त्यास आधीं विचारलें होतें काय?

मसुदा आतां वाचून दाखवितों. ज्यांस सही येते त्यांनीं सही करावी, इतरांनीं आंगठा. दूध काढावयाची ज्यांची वेळ झाली आहे त्यांनीं आधीं येऊन जावें. आजी, तुम्ही बसा. तुमचा कांहीं प्रश्न आहे असें दिसतें, तो पहिला घेऊं.